उजवीकडचा वाटा

भिंतीवर पाच फुल्या.

मालनबाईंच्या दोन एकराला बेंगळूरच्या येलहंक्यात सगळे कोथिंबिरीचा मळा म्हणतात. पूर्वेला चौदा मजल्यांची इमारत, पश्चिमेला तसलीच दुसरी. उत्तरेला विटांची भिंत, भिंतीपलीकडे उजाड माळ, आणि माळावरून दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. दक्षिणेकडून तेवढा एक कच्चा रस्ता आत येतो. रस्त्याच्या तोंडाशी पत्र्याची खोली, आणि खोलीत देवाप्पा, त्याची बायको शिवलीला आणि चौदा महिन्यांचा गिरीराज. माणसं अथणीकडची. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि भांडायला दोन्ही.

कोथिंबीर उपटायची तर उकिडवं बसावं लागतं. वाफा आदल्या दिवशी ओला करायचा, म्हणजे मूळ तुटत नाही. मुठीत मावेल एवढी धरायची, बुडाशी अंगठा लावायचा, ओढायची, माती झटकायची, केळीच्या ओल्या सोपटाचे दोन वेढे, गाठ, मागे ठेवायची, आणि न उठता एक पाऊल पुढे. उजाडल्यापासून हेच. शिवलीलाच्या मागे जुड्यांची रांग लागायची, रांगेच्या शेवटी भाजीचा निळा क्रेट, क्रेटमध्ये गोधडी, गोधडीवर गिरी. दोन वाफे झाले की ती उठून क्रेट पुढे ओढून घ्यायची.

गिरी कुरकुरला की हात पोटरीला पुसायचे आणि वाफ्याच्या बांधावर बसायचं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. पिता पिता तो मोकळ्या हाताने तिच्या गळ्यातलं डोरलं फिरवायचा. वरून विमान गेलं की तोंड न काढता डोळे वर करायचा.

अंगणवाडीच्या रम्याने सांगितलं होतं, दोन वर्षं पाजायचं, किती वेळा पितो ते बघत जायचं. शिवलीलाला बघत जाणं म्हणजे रेघ मारत जाणं वाटलं. चुलीतला कोळसा, दाराशेजारची भिंत. डावीकडचं प्याला की उभी रेघ. उजवीकडचं प्याला की तिच्यावर आडवी. एका वेळची एक फुली. दिवसाला पाच फुल्या भरल्या की ती कोळसा दाराच्या चौकटीवर ठेवायची आणि तिला त्या दिवसापुरतं बरं वाटायचं.

चैत्र लागला. बोअरची मोटर चालू केली की आधी पाणी यायचं आणि मग हवा. आठवड्यात ते उलटं झालं, आधी हवा आणि मग थोडं पाणी. मग नुसती हवाच.

भिंतीवर चार रेघा. आडवं काही नाही.

शनिवार होता. गिरी डावीकडचं प्याला. तिने त्याला उजवीकडे फिरवलं. त्याने तोंड लावलं नाही. नुसतं बघितलं. मग दोन्ही तळहातांनी स्तन धरला, लहान मूल पाण्याचा तांब्या धरतं तसा, आणि बाजूला वळवला. तिच्या उजव्या कोपराबाहेर, जिथे नुसतं ऊन होतं, तिकडे. धरून ठेवला. वाट बघत राहिला.

"काय रं? कुणाला देतोस?"

गिरी तिच्याकडे न बघता हसला. लहान मुलं एकमेकांकडे बघून हसतात तसा.

संध्याकाळी तिने हे देवाप्पाला सांगितलं. तो सोपटं भिजत घालत होता.

"धर्मात्मा निघालं की पोरगं," तो म्हणाला. "बापाच्या ताटातली भाकरी सोडत न्हाई आन् आईचं दूध वाटत सुटलंय."

तीही हसली. दुसऱ्या दिवशीही गिरीने तेच केलं. तिसऱ्या दिवशी ती हसली नाही.

शुक्रवारी मालनबाई आल्या. त्या मल्लेश्वरमला राहतात. सत्तरी ओलांडलेली, तरी दोन बस बदलून आठवड्यातून दोनदा मळ्यावर येतात. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले, हे त्या पहिल्या भेटीतच सांगतात.

"बोर काय म्हणतं, देवाप्पा? स्वल्प तरी येतंय की नाही?"

"हवा येती, अक्का."

"हवेवर कोथिंबीर होत नाही रे. सरी, ठीक आहे. टँकर सांगते. सोमवार, गुरुवार. खड्ड्यात प्लास्टिक घाल आणि सांभाळून वापर."

मग त्यांची नजर बांधावर गेली. शिवलीला गिरीला पदराखाली घेऊन बसली होती, आणि गिरी पदराबाहेर मान काढत होता.

"अजून पाजतीस काय गं? दात आलेला गडी तो! उद्या शाळेतून येईल, दप्तर टाकील आणि पदर ओढील."

"दोन वर्सं पाजायचं म्हणून सांगितलंय, अक्का."

"सांगणाऱ्याला काय, जुड्या बांधायच्या नाहीत." मालनबाई स्वतःच हसल्या. वाईट हेतूने नव्हत्या बोलल्या. पण पाठीमागे देवाप्पाही हसला, आणि शिवलीलाने पदर खाली ओढला आणि वाफ्यात जाऊन बसली. त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा चाळीस जुड्या जास्त बांधल्या. उठली तेव्हा गुडघे सरळ व्हायला वेळ लागला.

भिंतीवर दोन रेघा.

हे सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत भव्या होती. पहिली मुलगी. चौदा महिन्यांची. तेव्हाही चैत्र होता, लग्नसराई होती, यशवंतपूरच्या बाजारात कोथिंबीर मागेल तेवढी कमी पडत होती, आणि वाफ्यातून दिवसाला पाच वेळा उठणं परवडत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, कोरफड लाव. अंगावरचं सुटावं म्हणून शिवलीलाने स्तनांना कोरफडीचा कडू गर लावला.

पहिल्या दिवशी भवीने तोंड लावलं, थुंकली, रडली. दुसऱ्या दिवशी जवळ आली, वास घेतला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मागे गेली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. क्रेटमध्ये बसून लांबून बघत राहिली.

"तीन दिसांत सुटलं! लई शहाणी पोर," सगळ्या म्हणाल्या.

त्या वर्षीही बोअर आटली होती. पाणी टँकरचं. दूध बाटलीचं, त्याच पाण्यातलं. नवव्या दिवशी जुलाब लागले. पाणी उकळून दिलं, साखर-मीठ घालून दिलं. अकराव्या दिवशी रिक्षा दवाखान्याच्या फाटकापाशी थांबली तेव्हा उतरायची घाई राहिली नव्हती.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. देवाप्पाने मळ्याच्या उत्तरेला, विटांच्या भिंतीलगत करंजाखाली खड्डा खणला. मालनबाईंना कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याची जमीन.

त्यांच्याकडे एक रीत आहे. अंगावरचं मूल गेलं की आईचं दूध मोरीत टाकत नाहीत. नारळाची करवंटी त्या जागी ठेवायची आणि पाच दिवस तीत दूध पिळायचं. मग पुढचं मूल झालं की त्याच्या बारशाच्या दिवशी त्या जागी जायचं, दगडाने करवंटी फोडायची, आणि म्हणायचं, तुझा वाटा संपला, आता याचा. मागे न बघता यायचं.

शिवलीलाने पाच दिवस दूध घातलं. ते आटलं नाही. तिने चाळीस दिवस घातलं. रोज दुपारी, लोक जेवायला बसले की. देवाप्पा बघायचा आणि मान वळवायचा. भवीचं नाव त्याने त्यानंतर घेतलं नाही, ना रागात ना झोपेत.

गिरीच्या बारशाला त्यानेच तिच्या हातात दगड दिला. ती गेली, थोड्या वेळाने आली.

"फोडलीस?"

"फोडली."

आणि आता गिरी चौदा महिन्यांचा होता, खड्ड्यात टँकरचं पाणी होतं, चुलीवर तेच पाणी उकळत होतं. रम्या म्हणायची, उकळलं की चालतं. शिवलीलाचा उकळण्यावर विश्वास नव्हता. भवीलाही उकळूनच दिलं होतं. पोराच्या पोटात पाणी जायचंच असेल तर ते आपल्या अंगातून गाळून जाऊ दे, एवढंच तिला कळत होतं. म्हणून ती स्वतः तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. आणि गिरी तोंड फिरवायचा.

सगळ्यांनी सांगितलं ते.

रम्या: "जबरदस्ती नको. उन्हात, आवाजात पिणार नाही तो. त्याचं लक्ष विमानात. खोलीत घे, दार ओढून घे. डोळ्यांवर झोप आली की तेव्हा दे."

गंगव्वा, शेजारच्या मळ्यात पालक काढणारी म्हातारी: "हात धू की गं आधी. तुझ्या अंगाला कोथिंबिरीचा वास किती! पोराला वाटत असंल, आई की जुडी?"

देवाप्पा: "नको म्हणतोय तर ऱ्हाऊ दे."

रम्या: "मांडीवर घेऊन गाणं म्हण. अंगाला अंग लावून नुसती बस. प्यायलाच पाहिजे असं चेहऱ्यावर दाखवू नको. मुलांना कळतं."

गंगव्वा: "अळीव खा. शेपू खा."

मालनबाई, फोनवरून, देवाप्पाच्या कानातून ऐकू येईल इतक्या मोठ्याने: "त्याला म्हणावं, शेजारचं बाळ येऊन पिऊन जाईल हं! आमच्याकडे असंच करतात. हेव्यानं पितात मुलं."

देवाप्पा: "अक्का म्हणत्यात की—"

"ऐकलं मी."

गंगव्वा: "शेजारचं बाळ म्हणू नगंस. कुणी ऐकतं." 

तिने सगळं केलं. शेवटचं सोडून. हात धुतले, त्या पाण्यानेच धुवावे लागले. दार ओढून घेतलं. पत्रा तापलेला, आत भट्टी. गिरीला उघड्या अंगावर घेऊन ती भिंतीला टेकून बसली आणि चेहऱ्यावर काही न दाखवण्याचा प्रयत्न करत राहिली. गाणं म्हटलं. दोघांच्या अंगांमधून घाम वाहत होता. गिरीचे डोळे जड झाले. तिने हळूच डावीकडे घेतलं. चार घोट. तिने मोजले. पाचव्याला त्याने तोंड सोडलं आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून, कुणाला थांब म्हणावं तसा हात वर केला.

मग झोपला. झोपेत त्याचे ओठ मिटलेले होते. पण चोखल्याचा आवाज येत होता. बारीक, एका लयीत. मध्ये श्वासासाठी थांबून पुन्हा.

शिवलीलाने त्याच्या तोंडाजवळ कान नेला. आवाज तिथून येत नव्हता.

भिंतीवर रेघ नाही.

दोन दिवस तो काहीच प्याला नाही. भाताची पेज वाटीभर घ्यायची तर दोन चमचे घ्यायचा. टाळू किंचित खाली गेलेली दिसत होती. देवाप्पा त्याला उचलताना एकदा थांबला, पुन्हा उचलून बघितलं, पिशवीत माल कमी भरलाय का हे बघतात तसं.

शिवलीलाची डावी बाजू दगडासारखी झाली होती. हात वर होईना. जुडी बांधताना गाठ ओढली की काखेपर्यंत कळ जायची, आणि झंपर डावीकडून ओलाचिंब. उजवी बाजू मऊ होती. हलकी. नुकतं पाजून उठावं तशी.

गंगव्वाने खोलीत नेऊन तिला बघितलं. डावीकडे ऊन फडकं ठेवलं, बोटांनी दाबत दाबत गाठी मोकळ्या केल्या. मग उजवीकडे हात लावला.

"ही पाजलीस आत्ता?"

"न्हाई."

"पिळलीस?"

"न्हाई, मावशी."

"कधीपासून प्याला न्हाई इकडचं?"

"शनिवारपासनं. बारा दीस झालं."

म्हातारीने हात काढून घेतला. लुगड्याला पुसला.

"करवंटी फोडली हुतीस न्हवं, बारशाला?"

शिवलीला झंपराच्या गुंड्या लावू लागली.

"शिवलीले."

"उचलला दगड मी. भवीला म्हणायला गेले, तुझा वाटा—" ती थांबली. "एकदा तोडलं हुतं की तिचं. परत कसं तोडू?"

"मग तिला काय म्हणालीस?"

"काय न्हाई. करवंटी पुसली. तशीच ठेवून आले."

गंगव्वा उठली. दारातून बाहेर पडताना ती भिंतीपाशी वाकली. कमरेवर हात ठेवून वाकली, तशीच राहिली.

"ह्या कुणी काढल्या?"

शिवलीलाच्या रेघा तिच्या खांद्याच्या उंचीवर होत्या. त्यांच्या खूप खाली, जमिनीपासून हातभर, कोळशाच्या रेघा होत्या. सगळ्या आडव्या. कापऱ्या, पण एकाखाली एक. शिवलीलाने मोजल्या नाहीत. बघितल्याबरोबर कळलं. बारा दिवसांच्या, दिवसाला पाच.

बाहेरून आलेला देवाप्पा म्हणाला, "गिरीनं ओढल्या असतील. दुसरं कोण हाय घरात?"

त्याच्या आवाजात शेवटी प्रश्न नको होता, पण होता.

कोळसा दाराच्या चौकटीवर होता, जिथे ती ठेवायची तिथेच. देवाप्पाने गिरीचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. स्वच्छ होते. मग तो ओलं फडकं घेऊन आला आणि त्या रेघा पुसायला खाली बसला. फडकं भिंतीला लावलं आणि काढून घेतलं. पुसल्या नाहीत त्याने.

त्याच दुपारी मालनबाई आल्या. पिशवीतून दूधपावडरचा मोठा डबा आणि बाटली काढली.

"माझ्या नातवाला हेच दिलं. बघ कसा झालाय, दारातून मावत नाही. पाणी उकळायचं, कोमट करायचं, मापाचा चमचा आत आहे. लाजू नकोस गं. तुझ्या दुधात काही कमी आहे असं नाही म्हणत मी."

"अक्का, पाणी टँकरचं."

"मग आम्ही कुठलं पितो? अख्खं बेंगळूर तेच पितंय." त्यांनी गिरीच्या गालाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "देवाप्पा, हे पोर सुकलंय रे."

त्या गेल्यावर देवाप्पाने डबा फळीवर ठेवला.

"उद्या दुपारपातूर बघ," तो म्हणाला. "प्याला तर प्याला. न्हाई तर मी बाटली करणार."

"भवीला बी बाटलीच—"

"नको." त्याने हात वर केला. मारायला नव्हे. ते नाव अडवायला. "उद्या दुपारपातूर."

भिंतीपाशी कोणी नाही.

गुरुवार. ऊन इतकं की दोन्ही इमारतींच्या काचा एकमेकींवर उजेड फेकत होत्या आणि मळ्यात सावल्या दोन-दोन पडत होत्या. कोथिंबिरीने माना टाकल्या होत्या. विमानंही नव्हती. सकाळपासून गिरीने पाच वेळा तोंड फिरवलं होतं. देवाप्पाने चुलीवर पाणी ठेवलं, तेव्हा शिवलीलाने गिरीला कडेवर घेतलं, दारामागचा दगड उचलला आणि उत्तरेला निघाली.

बांधावरून चालताना दगड उजव्या हातात जड होत गेला. गिरी तिच्या खांद्यावर मान टाकून होता. दोन दिवसांपूर्वी तो बांधावर लाथा झाडायचा. आता पाय नुसते हलत होते, ती चालेल तसे.

करंजाखाली ती तीन महिन्यांत आली नव्हती. इकडे वाफे नव्हते, पाणी सोडत नव्हते. भेगाळलेली जमीन थेट झाडापर्यंत गेली होती. आणि झाडाखाली घोंगडीएवढ्या जागेत कोथिंबीर उभी होती. कुणी पेरली नव्हती. काळीभोर हिरवी, ताठ, पानांवर धूळ नाही. मधोमध करवंटी.

शिवलीला गुडघ्यांवर बसली. गिरीला शेजारी मातीत ठेवलं. करवंटीत डोकावली. करंजाचा पाला सगळीकडे पडला होता, करवंटीत एकही पान नव्हतं. मुंगी नव्हती. आतली बाजू ओलसर, गुळगुळीत, चाटून ठेवावी तशी.

तिने दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. डावीकडची कळ खांद्यातून पाठीत गेली.

"भवे," ती म्हणाली. "तुझा वाटा..."

पुढचं सोपं होतं. तीनच शब्द. मागे न बघता जायचं. घरी जाऊन एकाचं वाचवायचं. तेवढंच करायला ती आली होती.

पण तिला तिसरा दिवस दिसला. निळा क्रेट, त्यात बसलेली भवी, गुडघ्यांवर हात ठेवून लांबून बघणारी. रडत नव्हती. आईला कसलातरी राग आलाय आणि तो जाईपर्यंत थांबायचं, असं बघत होती. शिवलीला तेव्हा मान खाली घालून जुड्या बांधत होती. तिने हाक मारली असती तर भवी आली असती. तिसऱ्या दिवशीही आली असती. आठव्या दिवशीही.

तिने हाक मारली नव्हती. चाळीस दिवस दूध घातलं, पण हाक मारली नव्हती.

दगड तिने खाली ठेवला. बाजूला, कोथिंबिरीला लागणार नाही असा. मग मांडी घातली, करंजाला पाठ टेकली, पदर काढला आणि उजवी बाजू मोकळी केली.

"ये," ती म्हणाली. "ये गं. कोरफड न्हाई लावलेली. बघ."

काही हललं नाही. वारा नव्हताच. तिने उजवा हात बाळाच्या डोक्याखाली धरतात तसा धरला आणि थांबली. हाताला वजन जाणवलं नाही. गारवा जाणवला. कोपराच्या खोबणीत, एवढ्या उन्हात, ओलं फडकं ठेवावं तसा. मग ती ओळखीची झणझण उठली, काखेतून खाली, सुया टोचल्यासारखी. पान्हा. गिरीच्या रडण्यानेसुद्धा बारा दिवसांत उजवीकडे तो आला नव्हता. तिने खाली बघितलं नाही. पाजताना मुलाकडे टक लावून बघू नये, दृष्ट लागते.

"सावकाश," ती म्हणाली. "ठसका लागंल."

गिरी मातीत बसून बघत होता. तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. तो पुढे वाकला, हातांवर आला, पडला, पुन्हा उठला. दोन दिवस उपाशी पोर, रांगता रांगता दोनदा थांबलं. तिच्या गुडघ्याशी आलं, साडी धरून उभं राहिलं आणि तिच्या तोंडावर चापट मारली. रागाने. मग डावीकडचा झंपर ओढला, मिळेना तसा ओरडला, आणि तिने मोकळं करून दिल्याबरोबर असा तुटून पडला की कळ डोळ्यांपर्यंत गेली.

तो प्याला. घटाघट, घशाचा आवाज करत, नाकाने श्वास टाकत. गाठी एकेक करून सुटत गेल्या. त्याचा हात डोरल्यावर गेला, डोरलं फिरवू लागला. मग हात आणखी उजवीकडे गेला. तिथे काहीतरी चाचपून बघितलं. आणि तिचा गळलेला पदर मुठीत धरून त्याने तो उजवीकडे ओढला, तिच्या हातावर, हाताच्या खोबणीवर, नीट झाकला. तिने त्याला रोज झाकलं होतं तसा.

बऱ्याच वेळाने तो सुटला. तोंड उघडं, ओठावर दुधाचा थेंब, कपाळावर घाम. गाढ झोपला.

बांधावरून देवाप्पा येत होता. हातात बाटली, वाफ भरलेली. रस्त्याच्या बाजूला टँकर आला होता, त्याचा हॉर्न वाजला. खड्डा रिकामा होता. आज पाणी भरलं नाही तर सोमवारपर्यंत वाफे जळणार होते.

"शिवे! कुठं हायस? टँकर—"

तो करंजापाशी आला आणि थांबला. कोथिंबीर बघितली. आख्खी करवंटी बघितली. दगड बघितला. मग गिरीचा तो दुधाळलेला ओठ. त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला.

"प्याला?"

"प्याला."

"पोटभर?"

"पोटभर."

देवाप्पाने तोंडावरून हात फिरवला. हसावं की काय, त्याला कळेना. बाटली त्याने खाली मातीत ठेवली.

"झोपलाय की तो. दे इकडं, मी घेतो. ऊठ. टँकरवाला थांबायचा न्हाई."

शिवलीलाने गिरीला डाव्या हाताने उचलून त्याच्याकडे दिलं. उजवा हात तिने हलवला नाही. तो तसाच होता, वाकलेला, पदराखाली.

"ऊठ की."

"थांबा जरा," ती म्हणाली. "तोच झोपलाय."

देवाप्पाने तिच्याकडे बघितलं. मग पदराकडे. करंजाचं एक पान हलत नव्हतं. पदर हलत होता. अगदी थोडा, एका लयीत. मध्ये थांबून पुन्हा.

टँकरने दुसऱ्यांदा हॉर्न दिला.

देवाप्पा गिरीला खांद्यावर घेऊन तिथेच उकिडवा बसला. बाई पोराला पाजत असली की पुरुषमाणसं बसतात तसा, पाठ करून, तोंड मळ्याकडे. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने तिच्या बाजूला, उन्हाच्या अंगाला, धरून ठेवला.

मग मागे न बघता, हळू आवाजात, त्याने विचारलं, "किती येळ लागंल भवीला?"

"पोट भरलं की सोडंल."

टँकरने तिसऱ्यांदा हॉर्न दिला, आणि थोड्या वेळाने कच्च्या रस्त्यावर तो मागे वळत असल्याचा आवाज आला. देवाप्पा उठला नाही.